फायबरखालचा नंबर

नामदेव तांडेल चहा बसून पीत नाही. कप हातात घेऊन तो अंगणात फिरतो. पहिल्या फेरीत दोन घोट घेतो, दुसऱ्या फेरीत कप जीपच्या बॉनेटवर टेकवतो आणि तिसऱ्या फेरीत तो तिथे ठेवलाय हेच विसरून जातो. संध्याकाळी त्याची बायको पुतळा अंगणभर कप गोळा करत हिंडते. एक मडगार्डवरून, एक पाण्याच्या टाकीवरून, एक जुन्या टायरच्या पोटातून. प्रत्येक कप उचलताना ती तांडेलांच्या सात पिढ्यांतल्या एकेकाची आठवण काढते.

हे सगळं मी वरून बघते. सीवूड्सला आमच्या सोसायटीची भिंत संपते तिथे करावे गाव सुरू होतं, आणि भिंतीला चिकटूनच नामदेवचं अंगण आहे. माझं स्वयंपाकघर दुसऱ्या मजल्यावर. चाळीस वर्षं मी उजेडात उभी राहून अंधारातल्या लोकांसमोर बोलले. आता वीस वर्षं मी खिडकीत, आणि उजेडात नामदेव. बाल्कनीची जागा, तीही फुकट. पण खरं सांगते, इतका बेचैन माणूस मी नाटकवाल्यांतही पाहिला नाही. काही नट आपला प्रवेश संपला तरी विंगेत उभे राहून पायाची बोटं हलवत असतात. नामदेवचं तसं आहे. एक काम हातात असतं, आणि त्याचे डोळे पुढच्या कामावर असतात.

वय सहासष्ट. काटकुळा देह. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली, कारण तीस वर्षं त्याने खाडीत जाळी ओढली. मासळी कमी झाली तेव्हा तळोज्याच्या एका कारखान्यात टेम्पो चालवला. तेही सुटलं. मग गावातल्या बाकीच्यांसारख्या त्यानेही मागे चार खोल्या बांधल्या, भाडेकरू ठेवले आणि हात रिकामे झाले. पुतळा म्हणते, "हातांना काम नाय ऱ्हायला, तवापासून याच्या पायांना भिंगरी लागली."

जीप अंगणात ताडपत्रीखाली होती. मी इथे राहायला आले तेव्हा मला वाटलं होतं, खाली एखादी म्हैस झाकून ठेवली असावी. आकार तसाच होता. पुतळा तर तिला 'लोखंडी म्हस'च म्हणते. दूध देत नाही आणि जागा सोडत नाही.

ही जीप साधी नव्हती. नवं शहर वसायचं ठरलं तेव्हा शेतांची मोजणी करायला जी पथकं आली, त्यांतल्या एका पथकाची ही गाडी. पुढे ती जुनी झाली, लिलावात निघाली, आणि नामदेवने ती घेतली. दोनचार वर्षं तिच्यातून बर्फ आणि मासळी वाहिली, डिझेलचं इंजिन चढवलं, त्याची रीतसर नोंदही गाडीच्या आरसी पुस्तकात करून घेतली. मग कधीतरी ती बंद पडली आणि बंदच राहिली. आरटीओचं पासिंग संपून पंधरा वर्षं झाली.

गेल्या मे महिन्यात तांडेलांचं घर इमारतीसाठी द्यायचं ठरलं. दसऱ्याला घर रिकामं करायचं. नामदेवचा मुलगा रूपेश खारघरला बँकेत आहे, शांत, हिशोबी मुलगा. तो अंगणात उभा राहून बापाला म्हणाला, "पप्पा, नव्या बिल्डिंगमध्ये आपल्याला एक पार्किंग भेटणार. तिकडे चालती गाडी पायजे. ही भंगारात देऊन टाकू ना आता."

मी भांडी घासत होते. पाणी बंद केलं.

नामदेव जीपभोवती एक फेरी मारून आला. "चालंल ही."

"पप्पा, नुसती चालून काय? पासिंग नको? कागद नको?"

"पासिंग करून दावतो. दसऱ्याच्या आदी. नाय झाली तर मी सोता भंगारवाल्याला हाक मारीन. तू मारायची नाय. मी मारीन."

पुतळा ओट्यावर मासे साफ करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "ऐकलंस ना रूपेश? आता दसऱ्यापर्यंत आपुन जेवायचं कवा न् झोपायचं कवा ते या म्हशीला विचारायचं."

हा शब्द त्याने सगळ्यांसमोर दिला, आणि तो मोडणारा माणूस नाही. म्हणून त्या दिवसापासून मलाही खिडकीतून हलवेना.

कामाला सुरुवात झाली ती मात्र एकाच वेळी पाच ठिकाणी. शहाणा मेकॅनिक एक भाग उघडतो, नीट करतो, लावतो, मग दुसरा उघडतो. नामदेवने पहिल्याच आठवड्यात चारी चाकं काढली, इंजिनाचं डोकं उतरवलं, सीटा उचकटल्या, वायरी ओढून काढल्या. जीप विटांवर चढली आणि तिचे अवयव घरभर पसरले. नटबोल्ट सोड्याच्या डब्यात. ब्रेकचे भाग रॉकेल घातलेल्या पातेल्यात. त्या पातेल्यात पुतळा कालवण करायची. गिअरबॉक्सचा दांडा देवघराच्या खाली.

"अगो, तो दांडा कुठं गेला?"

"देवाला वाहिला. तुजी बुद्धी परत येवदे म्हनून."

आणि नुसतं जुनं उभं करून त्याचं भागणार नव्हतं. त्याला ती सुधारायची होती. खांदा साथ देत नाही म्हणून पॉवर स्टिअरिंग. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. नवे दिवे. आणि टायर असे रुंद की ते मडगार्डच्या बाहेर हातभर आले. त्याचा शाळेतला मित्र ज्योतिबा गाड्यांच्या कागदपत्रांची कामं करतो. तो एकदा येऊन बघून म्हणाला, "नाम्या, हे टायर घालून गेलास तर साहेब गाडी गेटावरूनच परत पाठवील." त्यावर नामदेवने दोन दिवस ज्योतिबाशी बोलणं टाकलं, तिसऱ्या दिवशी टायर काढले आणि चौथ्या दिवशी ते विकून जुन्या मापाचे आणले. तेसुद्धा घाईतच. एक टायर वेगळ्या मापाचा निघाला, तो बदलायला पुन्हा पळाला.

पावसाळ्यात मी दुपारच्या वेळी खाली जाऊन बसायला लागले. ताडपत्रीखाली एक प्लास्टिकची खुर्ची माझी ठरून गेली. नामदेव मला बाय म्हणतो. त्यांच्यात मोठ्या बहिणीला म्हणतात तसं.

"बाय, आवाजाचा तरास होतंय काय?"

"होतो. पण तुझा आवाज थांबला की जास्त होतो. वाटतं, बेशुद्ध पडलास की काय."

एका दुपारी तो चेसिसचा गंज घासत होता. चेसिस म्हणजे गाडीचा कणा, ज्यावर बाकी सगळं बसतं त्या दोन लांब लोखंडी पट्ट्या. घासता घासता तो आपणहून बोलायला लागला. हात चालूच.

"मी एकोनीस वर्साचा होतो बाय. मोजनीवाल्या सायबाला गावातला एक पोरगा पायजे होता, काठी धरायला. रंगवलेली काठी असते ना, लाल-पांढरी, ती. मना दिवसाची मजुरी भेटायची, न् या गारीत बसायला भेटायचा. डायवर मना बांदावर चालवायला द्यायचा. मी खुशीत. एक दिवस गारी आमच्याच शेतावर थांबली."

"तुझ्याच?"

"मंग? सगल्यांची मोजली, आमची सोरतील काय? बाबा बांदावर उबा. मी काठी घेऊन शेतात. माजा हात कापाय लागला. काठी हलते, सायबाला दुर्बिनीत काय दिसत नाय, तो तिकडून वरडतोय. बाबा आला. मना वाटला, आता थोबारीत देतो. त्यानं काठीला हात लावला न् सरल केली. बोलला, 'नीट धर. हलवलीस तर मोजनी चुकंल, न् शेजाऱ्याचा दोन हात आपल्यात येल.' येवराच. मंग घरी गेला."

रंगभूमीवर असते तर अशा वाक्यानंतर किती थांबायचं हे मला कळलं असतं. इथे नामदेवच थांबेना. त्याने ब्रश दुसऱ्या पट्टीवर नेला.

"म्हणून ही गाडी घेतलीस होय रे? आणि म्हणूनच ती आता..."

"बाय, नाटक नको," तो हसून म्हणाला. "गारी हाय ती, गारी. लिलावात आली, घेतली."

पण तो पुढचा अर्धा तास एकच जागा घासत होता, हे मी पाहिलं.

गणपती गेले आणि चांगलं ऊन पडायला लागलं. इंजिन सुरू झालं होतं, ब्रेक लागत होते. राहिला होता गंज. खाडीचा वारा लोखंडाला किती दिवस टिकू देतो हे करावे गावात लहान पोरालाही माहीत आहे. रंग लावा, वर्षात पोपडे. नामदेवने मार्ग काढला, आणि तो त्याच्या हाडात मुरलेला मार्ग होता. खाडीतल्या लाकडी होड्यांना आता फायबर मारतात. काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिनचा चिकट रस ओतून ब्रशने दाबायचा, की तो सुकून दगडासारखा होतो. पाणी आत जात नाही. नामदेवने स्वतःच्या दोन होड्या अशा मढवल्या होत्या. त्याने चेसिसला फायबर मारलं. एक थर नाही, दोन. वर काळा रंग.

मी सांगते, काम देखणं झालं होतं. गावातले चार जुने नाखवे येऊन बघून गेले. त्यांनी बोटांनी ठोकून पाहिलं, खाली वाकून जोड पाहिले. "पन्नास वर्सं बगायला नको," एक म्हणाला. त्या दिवशी नामदेवच्या चालण्यात एक नवीनच ऐट होती. पुतळासुद्धा म्हणाली, "हे काम मातर याला येतंय."

चूक कुणाच्याच लक्षात आली नाही. येणार कशी? होडीच्या तळाला नंबर कुठे असतो?

दसऱ्याला अकरा दिवस उरले असताना ज्योतिबा कागद घेऊन आला. पासिंगची तारीख मिळाली होती, मंगळवार. दसरा शनिवारी. त्याने पिशवीतून पेन्सिल आणि पातळ कागदाची पट्टी काढली.

"चल, चेसिस नंबरचा प्रिंट घेऊ. तेवढा लावला की फाइल तयार."

नंबर लोखंडात ठोकलेला असतो. त्यावर कागद धरायचा आणि पेन्सिल घासायची, की आकडे उमटतात. कागदावरचा नंबर आणि पुस्तकातला नंबर जुळला तरच ती गाडी ती गाडी.

नामदेव चालत होता. तो थांबला. वीस वर्षांत मी त्याला असं मधेच थांबताना पाहिलं नव्हतं.

"कुठं असतो रे नंबर?" पुतळाने विचारलं.

"उजव्या पट्टीवर," ज्योतिबा म्हणाला, "पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला." तो वाकला. हात फिरवला. गुळगुळीत, काळं, चकचकीत. तो पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "नाम्या, तू नंबरावर फायबर मारलास?"

नामदेवने स्वतः हात फिरवून पाहिला.

"घासून काढतो," तो शेवटी म्हणाला आणि ग्राइंडर आणायला वळला.

ज्योतिबाने त्याचा दंड धरला. "थांब रे बाबा, थांब! ग्राइंडर लावलास आणि एक आकडा गेला ना, तर ही गाडी कोणाची ते कोण ठरवणार? नंबर खोडलेली गाडी म्हणजे चोरीची, असंच धरतात. मग चौकशी, पोलीस, सहा महिने. तुझा दसरा गेला."

म्हणजे वर रंगाचा हात, त्याखाली दोन थर फायबर, त्याखाली नखाएवढे आठ आकडे, लोखंडात केसभर खोल. वरचं सगळं काढायचं आणि खालच्याला धक्का लावायचा नाही. ज्या माणसाला चहा प्यायला बसवत नाही, त्याला हे काम.

मी माझा जुना केस वाळवायचा ड्रायर खाली नेऊन दिला. नाटकाच्या दिवसांत नकली केसांच्या टोपाचा डिंक सुटा करायला आम्ही तोच वापरायचो. गरम हवेने फायबर थोडं मऊ पडायचं. मग नामदेव छिन्नीने कपचा काढायचा. पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिला आकडा वर आला. त्याने मला खिडकीतून बोलावून दाखवला, जणू बाळाचा दात आला होता. तिसऱ्या दिवशी दुसरा आणि तिसऱ्याची कड.

पण हे सगळं कसं? दहा मिनिटं गाडीखाली, मग बाहेर. अंगणात चार फेऱ्या. पुन्हा खाली. मधेच उठून हॉर्न वाजवून बघायचा, तो कालही वाजला होता. मधेच दिवे. मधेच सीटचे स्क्रू. चौथ्या दिवशी असाच तो खाली गेला, हात अजून फेरीतच होता, आणि छिन्नी घसरली. नुकत्याच उघड्या झालेल्या तिसऱ्या आकड्यावरून तिरपा ओरखडा गेला.

त्याने बाहेर येऊन छिन्नी भिंतीवर फेकली. मग ग्राइंडर उचलला. "जाव दे. सगलाच साफ करतो. जे निघंल ते निघंल, नायतर भंगारवाला हायच."

वायर बोर्डात होती. त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पुतळा घराच्या दारात उभी होती, मेन स्विचशेजारी, हात अजून वरच.

"चालू कर."

"नाय."

"अगो चालू कर! माजी गारी हाय."

"गारी तुजी. शब्द सगल्यांसमोर दिलास ना? मंग भंगारवाल्याला बोलवायची घाई कशाला? मंगलवारला चार दिवस हायेत."

ती आत गेली. मला वाटलं, भांडण आत चालू राहील. पण ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कालवं फोडायचं हत्यार होतं. लाकडी मुठीचं, पुढे वाकडं टोक असलेलं, तळहाताएवढं. पुतळाने लग्नाआधीपासून खाडीच्या खडकांवरून कालवं काढली आहेत. कालव दगडाला असं चिकटून बसतं की दगड कुठे संपला आणि शिंपला कुठे सुरू झाला कळत नाही. नेमक्या कडेत टोक घालून वरचं झाकण उडवायचं, आतलं मांस अख्खं ठेवायचं. घाई केली की शिंपल्याचा चुरा मांसात जातो, आणि मग ते कोणी विकत घेत नाही.

तिने गोणपाट अंथरलं, पदर खोचला. "एक अट हाय. तू इथं बसायचा. माज्या बाजूला. त्या बायच्या यंत्रानं गरम वारा मारायचा. हललास का मी उठली."

"मी किती वेल बसू?"

"मी किती वेल जेवन घेऊन तुज्या मागं फिरते?"

आणि नामदेव तांडेल बसला. मांडी घालून, जीपच्या चाकाशेजारी, हातात माझा गुलाबी ड्रायर. मी खुर्ची सरकवून बरोबर समोर बसले. असा प्रयोग पुन्हा लागणार नव्हता.

ती गाडीखाली आडवी झाली. आधी नुसता हात फिरवला, बराच वेळ, डोळे मिटून. "इथं जारा हाय. इथं पातल हाय. इकडून घालू." टोक कडेत घातलं आणि मनगट जरासंच वळवलं. टक्. बोटाच्या नखाएवढी कपची उडाली. खाली गंजाचा तांबूस रंग आणि त्यात चौथ्या आकड्याची वरची वेलांटी, स्वच्छ.

"दिसला का?" नामदेव वाकला.

"हलू नको!"

तो सरळ झाला. त्याचे गुडघे हलायला लागले. थोड्या वेळाने ते थांबले. मग बोटं वाजायला लागली. तीही थांबली. मग त्याने घसा खाकरला.

"बोलू तरी का?"

"बोल. पन तोंडानं बोल, हातानं नको."

तो बोलायला लागला. काय काय बोलला! होड्यांचं, टेम्पोचं, जीपच्या पहिल्या ड्रायव्हरचं, रूपेशला शाळेत सोडताना ही जीप चिखलात रुतली होती त्याचं. पुतळा मधूनच "हूं" म्हणायची, मधूनच "खोटं बोलतंस, चिखलात मी ढकलली, तू आत बसलास." टक्. टक्. मला जाणवलं, चाळीस वर्षांच्या संसारात ही दोघं इतका वेळ एका जागी बसून बोलली असतील की नाही कोण जाणे. एकाचे पाय सतत अंगणात, दुसरीचे बाजारात.

अडीच दिवस लागले. पाचवा, सहावा, सातवा आकडा. आठव्यापाशी फायबर इतकं घट्ट बसलं होतं की तिने हत्यार दोनदा दगडावर घासून धार केली. रविवारी दुपारी ती गाडीखालून बाहेर आली, केसांत पांढरा भुगा, आणि म्हणाली, "मोज आता."

नामदेवने मोजले. पुस्तक हातात धरून एकेक आकडा वाचला. आठही होते. तिसऱ्यावर त्याचा ओरखडा.

मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. नामदेव चालवायला, शेजारी पुतळा, मागच्या फळीवर मी आणि ज्योतिबा. रूपेश बँकेतून फोन करणार होता. मला न्यायचं काही कारण नव्हतं, पण पहिल्या प्रयोगाला मी घरी बसणं शक्य नव्हतं. पासिंगच्या मैदानावर ट्रक, टेम्पो आणि शाळेच्या बस रांगेत उभ्या होत्या. नामदेव दोन तास रांगेच्या पुढे-मागे चालला. पुतळाने त्याला चालू दिलं.

तपासणीला एक तरुण साहेब होता. हॉर्न, दिवे, ब्रेक, हातब्रेक. त्याने स्वतः स्टिअरिंग फिरवून पाहिलं. "हलकं आहे की."

"खांदा जड हाय सायेब. डागदरचा कागद लावलाय."

साहेबाने ज्योतिबाच्या फाइलमध्ये तो कागद पाहिला आणि मान हलवली. मग तो खाली वाकला आणि तसाच राहिला.

"चेसिसला हे काय लावलंय?"

"फायबर," नामदेव म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"कोनी नाय. आमी होरीला मारतो, तसा मारला."

"अहो काका, मग आतलं लोखंड सडलेलं असेल तर मला कळणार कसं?" साहेब वैतागला. त्याने सहायकाला हातोडी आणायला सांगितली आणि पट्टीवर पुढून मागे हात-दीड हातावर ठोकत गेला. ठण्. ठण्. प्रत्येक ठोक्याला नामदेव एक पाऊल पुढे जायचा आणि एक मागे यायचा. मागच्या चाकापाशी आवाज जरा बोदा आला. साहेबाने तिथे पुन्हा ठोकलं. "इथे जोड आहे?"

"हां. जाड पट्टी आतून मारलेय. ज्योतिबा, तो फोटो दाव."

फोटो होता. फायबर मारायच्या आधी जुन्या नाखव्यांना दाखवायला नामदेवने काढलेला. साहेबाने तो मोठा करून पाहिला. मग नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवली. पट्टी उजेडात धरली. "हा तिसरा आकडा. यावर ओरखडा कसला?"

ज्योतिबाने मला डोळ्यांनी खूण केली, की आता मी बोलतो. त्याच्याकडे नक्कीच काहीतरी गुळगुळीत उत्तर तयार होतं. पण नामदेव आधी बोलला.

"माजा हाय. माजी छिन्नी घसरली. घाईत. बाकीचे हिनं काढले, ते बगा, एकावर पन काय नाय."

साहेबाने पुतळाकडे पाहिलं. पुतळाने तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याने कागदाची दुसरी पट्टी घेतली, पेन्सिल आडवी धरून अगदी हलक्या हाताने घासली. मोबाइलचा दिवा तिरपा धरून लोखंडाकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा लोखंडाकडे. आकडा ओरखड्याच्या खालून वाचता येत होता. मागे रांगेतला टेम्पोवाला हॉर्न मारत होता. साहेबाने फाइलवर सही केली.

"पाच वर्षं. आणि काका, पुढच्या वेळी नंबरची जागा मोकळी ठेवा."

ज्योतिबाने टाळी वाजवली. मी तर दोन्ही हात वर केले. रूपेशचा फोन आला तेव्हा पुतळानेच तो घेतला. "झाली. हां, झाली. भंगारवाल्याला सांग, घरी बस." आणि ठेवून दिला.

नामदेवने गाडी गेटाबाहेर काढली आणि रस्त्याच्या कडेला थांबवली. इंजिन चालू. पाच मिनिटं गेली. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता, रस्त्याच्या डावीकडे बघत होता, मग उजवीकडे. पाच महिने त्याने पासिंगच्या पुढचा विचारच केला नव्हता.

"कुठं जायचा?" त्याने विचारलं. कुणाला ते कळलं नाही.

पुतळाने सीटखालून पिशवी ओढली. सुक्या बोंबलांचा वास मागच्या फळीपर्यंत आला. "बायजाबाईकडं."

बायजाबाई तिची धाकटी बहीण. तळोज्याच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याला तिचं घर. तिथला रस्ता असा की रिक्षावाले नाव ऐकून मान फिरवतात.

"सकाली निघतानाच पिशवी भरलीस? न् पास नसती झाली तर?"

"तर बसनं गेली असती. एकटी."

"अगो पन तिकडं रस्ता नाय. नुसता खड्डा न् दगड हाय."

पुतळाने पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि सीटवर मागे टेकून बसली. "मंग पाच महिने काय बांदत होतास? होरी?"

नामदेवने उजवीकडचा दिवा लावला. गिअर टाकला. हातब्रेक काढायचा विसरला, म्हणून जीप एक उडी मारून बंद पडली, आणि मी ज्योतिबाच्या अंगावर गेले. नामदेवने पुन्हा किल्ली फिरवली.